धस्स होते ते नेमके कुठे

वडील गेले तेव्हा सोलापुरात रात्रीचे बारा वाजून चाळीस मिनिटे झाली होती आणि माझ्याकडे सिंगापूरमध्ये तीन वाजून दहा. २०२१ चा मे महिना होता. प्रवासावर इतकी बंधने होती की मला निघणे शक्य नव्हते, आणि निघता आले असते तरी वेळेत पोहोचणे शक्य नव्हते. त्याआधीचे अकरा दिवस माझे सगळे जगणे उशाशी ठेवलेल्या फोनला बांधलेले होते. भावाचा फोन वाजला की काहीतरी घडलेले असे, आणि वाजला नाही की काय घडले असेल ते कळत नसे. तो शेवटचा फोन येऊन गेला, दिवसवार झाले, मी कामावर रुजू झाले. पण त्या आवाजाने माझ्या शरीरात जी जागा केली होती ती सोडली नाही. फोनचा आवाज बदलून पाहिला, मग फोन मुका केला, तर त्याच्या थरथरण्याने तसेच होऊ लागले. पुढे पुढे तर रेल्वेत शेजारच्या माणसाचा फोन वाजला तरी माझ्या छातीत धस्स होऊन हातांना घाम सुटे, आणि रात्री सव्वातीनच्या सुमारास कोणीही न उठवता मला जाग येई.

आधी मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी हृदयाचा आलेख काढला, थायरॉइड तपासले, रक्त तपासले, आणि सगळे ठीक आहे, हा चिंतेचा विकार आहे, असे सांगून झोपेसाठी सौम्य औषध दिले. त्यांचे काही चुकले नाही. आधी हे तपासून घेणे आवश्यकच होते. तरीही घरी आल्यावर तो ‘चिंता’ हा एकच शब्द मला अपुरा वाटत राहिला, कारण मला जे होत होते ते एक नव्हते. फोन वाजल्यावर होणारे धस्स वेगळे होते, दुपारी कारण नसताना लागणारी हुरहूर वेगळी, रात्रीची तगमग वेगळी, आणि बोलता बोलता घशात दाटून येई ते आणखी वेगळे. आपल्या भाषेने या सगळ्यांना निरनिराळी नावे दिली आहेत, आणि मला मिळालेल्या उत्तरात मात्र ती सगळी एका पोत्यात भरलेली होती.

कार्यालयातल्या एका चिनी मैत्रिणीने मला त्यांच्या पारंपरिक वैद्याकडे जाण्याचे सुचवले. सिंगापूरमध्ये हे वैद्यक कुठल्या आडवळणाला चालत नाही; त्यासाठी २००० साली झालेला कायदा आहे आणि वैद्यांना नोंदणी करावी लागते. इथल्या चिनी वस्तीत १८६७ साली स्थापन झालेली थोंग चाय नावाची संस्था गरिबांना, मग ते कोणत्याही वंशाचे असोत, मोफत तपासत आणि औषध देत आली आहे, हे मला तेव्हाच कळले. मी ज्या वैद्यबाईंकडे गेले त्यांचा दवाखाना तिथून दूर, एका वसाहतीच्या तळमजल्यावर होता. आत शिरताच जो वास आला तो मला अनोळखी वाटला नाही. ज्येष्ठमध, दालचिनी, सुंठ आणि वाळलेल्या सालींचा तो मिश्र वास आमच्या मंगळवार पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानात लहानपणी मी घेतलेला होता.

वैद्यबाई साठीच्या असाव्यात. त्यांनी आधीच्या तपासण्यांचे कागद मागून घेतले, शांतपणे वाचले, आणि डॉक्टरांनी दिलेले औषध मला न विचारता थांबवू नका, असे पहिल्यांदा सांगितले. मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि त्यातल्या पहिल्याच प्रश्नाने मी चमकले. तुम्हाला कशाची काळजी वाटते, असे त्यांनी विचारले नाही. त्यांनी विचारले, ते होते तेव्हा नेमके कुठे होते? छातीत, पोटात की घशात? तिथेच थांबते की वर चढते, की खाली उतरत जाते? घाम हातांना येतो की मानेला, दिवसा की झोपेत? पाय थंड पडतात का? काही गिळताना अडकल्यासारखे वाटते का, आणि जेवताना मात्र ते अडकणे नाहीसे होते का? मोठा आवाज नकोसा होतो की शांतता नकोशी होते? अर्धा तास त्या विचारत होत्या आणि मी उत्तरे शोधत होते. कितीतरी उत्तरे मला माहीतच नव्हती, कारण स्वतःकडे त्या दृष्टीने मी कधी पाहिले नव्हते.

हा प्रश्न विचारण्यामागे दोन हजार वर्षांचा विचार आहे. ‘ह्वांगदी नेइजिंग’ हा चिनी वैद्यकाचा पायाभूत ग्रंथ ख्रिस्तपूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकांच्या आसपास आकाराला आला असे मानतात. तो पीतसम्राट आणि त्याचा वैद्य यांच्या संवादाच्या रूपात आहे. त्यात एका ठिकाणी वैद्य सांगतो की रागाने ‘ची’ वर चढते, आनंदाने सैल पडते, दुःखाने विरून जाते, भीतीने खाली उतरते, दचकण्याने विस्कटते आणि अति विचाराने तिची गाठ बसते. ‘ची’ म्हणजे नेमके काय, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. श्वास, वाफ, प्राण, चैतन्य असे तिचे अनेक अर्थ लावतात, आणि मी त्या वादात शिरणार नाही. मला महत्त्वाची वाटली ती या वाक्यांची रचना. इथे भावना म्हणजे मनात ठेवलेली वस्तू नाही, ती एक हालचाल आहे आणि प्रत्येक हालचालीला दिशा आहे. माणूस अस्वस्थ आहे एवढे कळून या वैद्याचे भागत नाही. त्याच्या आतले काय कोणीकडे चालले आहे ते कळल्याशिवाय त्याला औषध देता येत नाही.

वैद्यबाईंनी ही वाक्ये मला समजावून सांगितली तेव्हा माझ्या मनात आपले वाक्प्रचार एकामागून एक उभे राहिले. राग आपल्याकडेही डोक्यात जातो, भीतीने पाय गळतात आणि पायाखालची वाळू सरकते, मनात गाठ बसते, अवसान गळते. सोलापूरच्या माझ्या आजीने नेइजिंगचे नावही ऐकले नव्हते, पण ‘जीव खालीवर होतोय गं’ असे ती म्हणे तेव्हा तिने दिशाच सांगितलेली असे. दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांकडून हे घेतले असा माझा दावा नाही. शरीर सगळ्यांना सारखेच मिळालेले आहे आणि त्याच्याकडे लक्ष देऊन पाहणारे लोक दोन्हीकडे होते, एवढेच मी म्हणेन. फरक असा की आपण ते बोलण्यात ठेवले आणि त्यांनी त्यावर चिकित्सेची इमारत उभी केली.

त्या इमारतीत हृदय हा राजा आहे. यकृत सेनापती, पित्ताशय न्यायनिवाडा करणारा अधिकारी, जठर आणि प्लीहा ही धान्याच्या कोठारांची खाती, अशी सगळ्या अवयवांना दरबारातली पदे दिलेली आहेत. हृदयात ‘शन’ राहते. त्याला मन म्हणावे, चित्त म्हणावे की डोळ्यांत दिसणारे तेज म्हणावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही. रक्त पुरेसे असेल तर शन हृदयात मुक्काम करते आणि माणसाला झोप लागते. रक्त कमी पडले किंवा आत उष्णता वाढली की तिला घर पुरत नाही आणि ती भटकू लागते. इथे हृदय, यकृत, प्लीहा ही नावे शवविच्छेदनात दिसणाऱ्या अवयवांची म्हणून वाचली तर गोंधळ होतो. ती कार्यांच्या समूहांची नावे आहेत. आपल्या त्रिदोषांतले पित्त म्हणजे केवळ यकृतातून स्रवणारा हिरवट रस नव्हे, तसेच हे आहे. माझे ‘मूत्रपिंड दुर्बल’ असल्याचे वैद्यबाईंनी सांगितले तेव्हा मी घाबरले, आणि त्या हसून म्हणाल्या की तुमच्या रक्ततपासणीतले मूत्रपिंड उत्तम आहे, मी भीतीच्या घराबद्दल बोलते आहे.

अस्वस्थतेसाठी चिनी वैद्यकाने वापरलेली अक्षरेही त्यांनी एका कागदावर काढून दाखवली. ‘फान’ या अक्षरात एका बाजूला अग्नी आहे आणि दुसऱ्या बाजूला डोके, म्हणजे डोक्याला लागलेली आग. ‘त्साओ’ या अक्षरात पाय आहे. ज्याला हे होते त्याला एका जागी बसवत नाही. दोन्ही जोडून येतात तेव्हा आतली जळजळ आणि बाहेरची चुळबुळ एकत्र असते. पण आतली आणि बाहेरची अशी ती वेगळी ओळखायची, कारण एक असते आणि दुसरी नसते तेव्हा उपचार बदलतो. ‘जिंग’, म्हणजे दचकणे, या शब्दाच्या जुन्या अक्षरात खाली घोडा आहे, बुजलेला घोडा. विचार, दुःख आणि भीती यांच्या अक्षरांत हृदय आहे. आणि ‘यू’ म्हणजे कोंडमारा; त्याचे जुने अक्षर एकोणतीस फराट्यांचे आहे, आणि कागदावर पाहिले तरी दाट झाडीत शिरल्यासारखा जीव गुदमरतो. त्या कागदाची घडी माझ्या पाकिटात अजून आहे.

नाडीपरीक्षा आपल्याला नवी नाही. त्यांनी दोन्ही मनगटांवर तीन तीन बोटे ठेवून, हलके आणि मग दाबून, बराच वेळ पाहिले, आणि माझी नाडी ताणलेल्या तारेसारखी व बारीक आहे असे सांगितले. जीभ पाहिली, टोकाला लाल आणि कडांवर दातांचे ठसे. टोक हृदयाचे, म्हणून तिथे उष्णता. कडांवरचे ठसे खाल्लेले अंगी न लागल्याचे. मग त्यांनी विचारले की रात्री किती वाजता जाग येते. मी वेळ सांगितली. त्यांच्या शास्त्रात दिवसाचे बारा भाग, शरीरात ची ज्यांतून वाहते त्या बारा मार्गांना वाटून दिलेले आहेत. रात्री एक ते तीन यकृताचे, तीन ते पाच फुप्फुसाचे, आणि फुप्फुस हे शोकाचे घर. तुमचे कोणी गेले आहे का, असे त्यांनी विचारले. मी तोपर्यंत त्यांना वडिलांबद्दल एक शब्दही बोलले नव्हते. मी रडले, आणि त्यांनी मला पूर्ण रडू दिले.

या घड्याळावर माझा विश्वास बसला आहे असे मी म्हणणार नाही. मला त्या वेळी जाग येत होती कारण त्या वेळी फोन वाजला होता, आणि मनगटात किंवा जिभेवर तसे काही लिहिलेले असते याची मला खात्री नाही. पण कोणीतरी वेळ विचारली, जागा विचारली, दिशा विचारली, आणि त्या विचारण्यातून चालत चालत आम्ही दोघी बरोबर त्या रात्रीपाशी पोहोचलो, हे खरे आहे. थेट ‘काय झाले’ असे विचारले असते तर मी ‘काही नाही, झोप येत नाही’ असे म्हटले असते. आमच्या घरात असेच म्हणतात.

हे केवळ माझ्यापुरते नाही. आर्थर क्लाइनमन हे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ आणि मानवशास्त्रज्ञ १९८० च्या सुमारास हुनान प्रांतातल्या छांग्शा इथे गेले आणि तिथे ‘मज्जातंतूंची दुर्बलता’ असे निदान झालेल्या शंभर रुग्णांना त्यांनी तपासले. डोके दुखते, झोप नाही, थकवा आहे, चक्कर येते अशा त्या लोकांच्या तक्रारी होत्या, आणि पाश्चात्त्य निकषांनी पाहिले तर त्यांतल्या बहुसंख्यांना नैराश्य होते. सांस्कृतिक क्रांतीच्या वर्षांत ज्यांनी पुष्कळ सोसले होते त्यांना मनाचे दुखणे उघड सांगणे सोपे नव्हते, कारण मन बिघडणे म्हणजे विचार बिघडणे असा अर्थ लावला जाण्याची भीती होती. डोके दुखणे मात्र निरुपद्रवी होते. अशा लोकांपुढे शरीराची भाषा बोलणारा वैद्य बसतो तेव्हा तो त्यांना एक आडवाट उघडून देतो. त्या वाटेने काही जण कायमचे आडरानात राहतात हेही खरे, कारण डोकेदुखीचे औषध घेत राहून दुःखाला हात न लावता आयुष्य काढता येते. मला भेटलेल्या बाईंनी ती वाट पुन्हा मूळ जागी आणून सोडली, हे माझे भाग्य.

आता औषधाविषयी. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस, हान साम्राज्य कोसळत असताना, जांग जोंगजिंग नावाचा वैद्य होऊन गेला. साथींमध्ये आपल्या विस्तृत कुटुंबातली बहुतेक माणसे गमावल्यावर आपण वैद्यकाकडे वळलो, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. त्याच्या लेखनात अस्वस्थतेची जी वर्णने आहेत ती इतकी नेमकी आहेत की अठराशे वर्षांचे अंतर जाणवत नाही. एका ठिकाणी तो म्हणतो की स्त्रीला घशात भाजलेल्या मांसाचा तुकडा अडकल्यासारखे वाटते. गिळला जात नाही, थुंकला जात नाही, आणि प्रत्यक्षात तिथे काही नसते. पुढे या अवस्थेला आलुबुखाराच्या आठळीचे नाव मिळाले. दुसऱ्या ठिकाणी पोटातून घशाकडे उसळी मारत येणाऱ्या घबराटीला तो ‘धावते डुक्कर’ म्हणतो. ती येते तेव्हा माणसाला आता मरतो असे वाटते आणि मग ती ओसरते, असे त्याने लिहिले आहे. आज याला घबराटीचा झटका म्हणतात. तिसऱ्या ठिकाणी वारंवार रडू येणारी, जणू तिच्यात दुसरेच कोणी शिरले आहे अशी वागणारी, सारख्या जांभया देणारी स्त्री आहे.

या तिसऱ्या अवस्थेवरचे औषध ऐकले तेव्हा मला काही क्षण बोलता आले नाही. ज्येष्ठमध, गहू आणि बोरे. बस. त्यांची बोरे म्हणजे वाळवलेली लाल, खारकेसारखी दिसणारी, पण जात बोरीचीच. आमच्या सोलापूर जिल्ह्यात बोरांच्या बागा आहेत; हिवाळ्यात वडील पिशवी भरून बोरे आणत आणि आम्ही आठळ्या दगडाने फोडून आतला इवलासा गर खात असू. माझ्या काढ्यात तो गरही होता. रानबोरीच्या एका चिनी जातीच्या आठळीतला गर, जांग जोंगजिंगच्याच एका पाठात, दुबळेपणाने आलेल्या तगमगीसाठी आणि न लागणाऱ्या झोपेसाठी सांगितला आहे. आंबट चवीने विखुरलेले आत खेचले जाते आणि गोड चवीने घाई मंदावते, अशी त्यामागची मांडणी. त्या जोडीला देवदाराच्या कुळातल्या झाडांच्या मुळांवर वाढणारी पांढरी बुरशी, लिलीचे कंद आणि आणखी दोन-तीन वनस्पती. काढा उकळायला पाऊण तास लागे, आणि तो पाऊण तास मी चुलीपाशी उभी राहत असे. औषध पोटात जाण्याआधीचा हा पाऊण तासही मोजला पाहिजे.

याच परंपरेत ज्या गोष्टींपासून दूर राहावे अशाही गोष्टी आहेत, आणि त्या सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला बरोबर वाटत नाही. उधळलेल्या शनला जड पदार्थांनी खाली बसवावे असा एक विचार आहे. त्यासाठी शिंपल्यांची आणि ‘ड्रॅगनच्या हाडांची’, म्हणजे जमिनीतून निघालेल्या प्राचीन प्राण्यांच्या अश्मीभूत हाडांची भुकटी देत. अशा औषधी हाडांवरच चीनमधली सर्वांत जुनी अक्षरे कोरलेली असल्याचे १८९९ साली लक्षात आले, असे सांगतात. पण त्याच विचाराने हिंगूळही दिला जाई, आणि हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे संयुग. घाबरलेल्या लहान मुलांनाही तो देत असत. पारा शरीरात साठतो आणि मज्जासंस्थेला व मूत्रपिंडाला इजा करतो; जुना ग्रंथ म्हणतो म्हणून तो घेणे हा अपराध आहे, मग तो ग्रंथ चीनचा असो की आपला. वैद्यबाईंनी हे विचारण्याआधीच सांगितले होते की त्या खनिजांना हात लावत नाहीत.

सुयांविषयी मी थोडेच सांगेन. मनगटाच्या घडीवर करंगळीच्या बाजूला ‘शनचे दार’ म्हणून एक बिंदू आहे, पायाच्या अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या मधल्या खोलगट जागेत यकृताचा एक बिंदू आहे, आणि एक भुवयांच्या मध्ये. केसासारख्या सुया, टोचताना जवळजवळ कळत नाहीत, मग आत एक जड, पसरत जाणारी कळ उठते आणि अर्धा तास माणूस न हलता पडून राहतो. चिंतेवर सुयांचा उपयोग होतो का, यावर पुष्कळ चाचण्या झाल्या आहेत; त्यांतल्या बऱ्याच लहान आहेत, आणि खोट्या सुयांशी तुलना केली की फरक पुष्कळदा कमी होतो. मला त्या अर्ध्या तासात झोप लागत असे. रात्री न येणारी झोप तिथे येई, याहून अधिक दावा मी करणार नाही.

तिथेच पडल्या पडल्या, मी मूळची कुठली, असे त्यांनी विचारले आणि मी सोलापूर म्हटले. नाव ओळखीचे वाटले नाही. मी डॉक्टर कोटणीसांचे गाव असे सांगितले, तरी नाही; मग त्यांचे चिनी नाव आठवून ‘क दीह्वा’ म्हटले आणि त्यांचा हात थांबला. १९३८ साली भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातले द्वारकानाथ कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले, आणि त्यांची समाधी शीच्याच्वांगला आहे. वैद्यबाईंच्या वडिलांनी त्यांना ते नाव सांगितले होते. मी त्यांना पथकातल्याच बिजयकुमार बसूंबद्दल सांगितले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला जाऊन सुयांची विद्या शिकून आले आणि कोलकात्यात त्यांनी ती चालू केली. त्या विद्येचा भारतातला प्रवाह बऱ्याच अंशी तिथून निघतो. त्यांच्या टेबलावर सुया लावून घेताना सोलापूरची मी काही अगदी परकी नव्हते, हे कळून मला बरे वाटले.

पण मला सर्वांत उपयोगी पडली ती एक गोष्ट. जांग त्सोंगजेंग हा बाराव्या-तेराव्या शतकातला वैद्य, ११५६ ते १२२८ हा त्याचा काळ. वेइ दशिन नावाच्या गृहस्थाची पत्नी प्रवासात एका खाणावळीच्या माडीवर झोपली असताना रात्री दरोडा पडला आणि घराला आग लागली; ती घाबरून पलंगावरून खाली पडली. तेव्हापासून काहीही आवाज झाला की ती बेशुद्ध पडे. घरातली माणसे चवड्यांवर चालत, कोणी भांडे वाजवत नसे, आणि असे वर्षाहून अधिक काळ चालले होते. इतर वैद्यांनी हृदयाचा विकार समजून जिनसेंग आणि मोती दिले, उपयोग झाला नाही. जांगने दोन दासींना तिचे हात धरायला सांगून तिला उंच खुर्चीवर बसवले, समोर एक बुटके मेज ठेवले, ‘इकडे पाहा’ म्हटले आणि लाकडाने मेजावर जोरात आघात केला. ती भयंकर दचकली. तो म्हणाला, मी लाकडाने मेज ठोकले, यात दचकण्यासारखे काय आहे? ती सावरली, तेव्हा पुन्हा ठोकले. ती कमी दचकली. मग तीन-पाच वेळा ठोकले, मग काठीने दार वाजवायला लावले, मग गुपचूप तिच्या पाठीमागची खिडकी खरवडायला सांगितली. ती हळूहळू शांत झाली आणि हसून म्हणाली, ही कसली चिकित्सा? त्या रात्री संध्याकाळपासून पहाटेपर्यंत त्याने तिच्या दारा-खिडक्यांवर ठोठावायला माणसे बसवली. एक-दोन दिवसांत ती मेघगर्जनेनेही दचकेनाशी झाली.

यामागचे स्पष्टीकरण त्याने जे दिले ते मी पुष्कळ वेळा मनात घोळवले आहे. नेइजिंगमध्ये एक वाक्य आहे, दचकलेल्याला ‘फिंग’ करावे. फिंग म्हणजे सपाट, शांत. बाकीच्यांनी त्याचा अर्थ शांत करावे असा लावला, म्हणून शामक औषधे दिली आणि घरात सामसूम केली. जांग म्हणाला की फिंग म्हणजे रोजचे, नेहमीचे. दचकण्याची गोष्ट रोजची झाली की दचकणे उरत नाही. त्याने दचकणे आणि भीती यांतला भेदही सांगितला: भीतीत माणसाला काय येणार ते ठाऊक असते, दचकण्यात ते ठाऊक नसते. आणि बुटके मेज अशासाठी की खाली पाहिले म्हणजे शन आत गोळा होते. आजचे मानसोपचारतज्ज्ञ, भीतीच्या गोष्टीला थोडी थोडी करून सामोरे जायला लावणाऱ्या पद्धतीशी याचे नाते लगेच ओळखतील. मला त्यातली ती चवड्यांवर चालणारी माणसे सोडवत नाहीत. माझ्याही घरात सहा महिने सगळे चवड्यांवर चालत होते. नवऱ्याने, मुलीने आपापले फोन मुके केले होते, दाराची घंटा काढून ठेवली होती, आणि त्यांच्या त्या मायेने माझे दुखणे जपून ठेवले होते.

वैद्यबाईंनी सांगितले तसे आम्ही केले. संध्याकाळी, जेवणानंतर, मी पाटासमोर जमिनीवर बसत असे, पाटावर फोन, आवाज तोच जुना. मुलगी आतल्या खोलीतून फोन करी. पहिल्या दिवशी माहीत असूनही माझे हात गार पडले. मुलगी दारात येऊन म्हणाली, ‘आई, मीच आहे गं,’ आणि परत जाऊन तिने पुन्हा फोन केला. आठवडाभर रोज दहा वेळा, मग वेळ न सांगता, मग मी स्वयंपाक करताना, मग एकदा पहाटे. घशातली आठळी काढ्याने गेली की रडण्याने, ते मला सांगता येणार नाही. धस्स होणे मात्र या ठोठावण्यानेच कमी झाले. पूर्ण गेले नाही. भावाचे नाव दिसले की आजही आत काहीतरी खाली उतरते, आणि ते उतरते हे मला आता कळते.

शेवटच्या भेटीत त्यांनी पुड्या बंद केल्या आणि फक्त गहू, ज्येष्ठमध आणि बोरे उकळून पीत जा म्हणाल्या. गहू मात्र पाण्यात तरंगणारा घ्या. हलका, न भरलेला दाणा झोपेतला घाम थांबवतो, असे त्यांच्याकडे मानतात. त्या रात्री मी आईला व्हिडिओ कॉल केला. ती स्वयंपाकघरात होती. मी तिला विचारले की धुताना वर येतात त्या गव्हांचे आपण काय करतो. ‘पोचे दाणे? ते टाकतो, चिमण्यांना घालतो,’ ती म्हणाली, आणि मग जरा थांबून, ‘तुझे बाबा घालायचे. आता मी घालते. का गं?’ मी तिला सगळे सांगायला सुरुवात केली, आणि कितीतरी वर्षांनी तिने मला विचारले की वाजतो तेव्हा तुला नेमके कुठे होते, कारण तिला पोटात होते, बेंबीच्या वर, उजवीकडे.